ही बाजू वर

२ जानेवारी

कंपनीने यंदा बोनस दिला नाही, दैनंदिनी दिली. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरात कंपनीचं नाव आणि पानाच्या तळाशी रोज एक सुविचार. आजचा सुविचार: श्रमाला पर्याय नाही. बोनसला आहे, असं दिसतंय.

बाकीच्या हमालांनी आपापल्या वह्या नातवंडांना चित्रं काढायला दिल्या. मी लिहायचं ठरवलं. शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवायचे. त्यानंतर मला कोणी काही लिहायला सांगितलेलं नाही.

सुरुवात गावापासून करतो. आमचं गाव सरहद्दीवर आहे आणि ते दोन सरकारांच्या अबोल्यातून जन्माला आलंय. आपल्याकडचे रूळ अरुंद, पलीकडचे रुंद. रूळ टाकण्याआधी एकाने दुसऱ्याला नुसतं विचारलं असतं तरी आज इथे गवत असतं. कोणी विचारलं नाही. म्हणून आपली मालगाडी इथे येऊन अडते, त्यांची तिथून येऊन अडते, मधे लांबलचक फलाट आणि इकडच्या डब्यातलं सगळं उचलून तिकडच्या डब्यात ठेवायला आम्ही. शहाण्यांच्या एका चुकीवर अख्ख्या गावाची चूल पेटते.

जड माल जोडीने उचलतात. एक तोंडाकडे चालतो, तो सुलटा. दुसरा पाठीकडे चालतो, तो उलटा. उलट्याला काही दिसत नाही म्हणून सुलटा हाका देतो. शब्द चारच: उचल, फळी, चढ, ठेव. डब्यातून फलाटावर यायची फळी आली की 'फळी'. पलीकडचा डबा उंच असतो, त्याची फळी चढाची, तिथे 'चढ'. हातात ओझं असताना पाचवा शब्द काढायचा नाही, हा फलाटाचा कायदा. आणि एका डब्याला मी सुलटा तर पुढच्या डब्याला तू, हा दुसरा कायदा.

माझी जोडी आमच्या साडूसाहेबांशी, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांशी. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. फलाटावर ते चार शब्द, फलाटाबाहेर तेवढेही नाहीत. तरी आमच्यासारखी जोडी दुसरी नाही असं सगळे म्हणतात. बोलत नाही म्हणूनच असेल.

५ जानेवारी

साडूसाहेबांचं दार कसं उलटं लागलं ते लिहून ठेवायला हवं, कारण गावात त्याच्या चार वेगवेगळ्या हकिगती फिरतात आणि चारांतही मीच मूर्ख ठरतो.

दोन डब्यांच्या मधे पडून जे फुटेल ते ना इकडचं ना तिकडचं. ते त्या जोडीचं. आम्ही मुद्दाम पाडत नाही. निदान रोज नाही. त्यामुळे गावातली घरं खोक्यांच्या लाकडाची आहेत. मुकादमाच्या माळ्यावर 'नाजूक' लिहिलंय, आमच्या पलंगाच्या उशाशी 'ओलाव्यापासून जपा', आणि चहावाल्याच्या बाकावर 'आकडा लावू नये'.

दहा-अकरा वर्षांपूर्वी सागवानी खोक्यातून एक यंत्र आलं. यंत्र वाचलं, खोका फुटला. त्याची एक बाजू अखंड निघाली, चांगली दाराएवढी. फुटलेल्या मालालाही पाळी असते आणि पाळी माझी होती. साडू म्हणाले, त्यांची. शब्दाने शब्द वाढला. शेवटी मी म्हणालो, 'ने, लाव तुझ्या घराला, आणि पुन्हा माझ्याशी बोलू नकोस.' त्यांनी दोन्ही गोष्टी केल्या.

दार लावलं ते उलटं. त्यावर काळ्या ठसठशीत अक्षरात 'ही बाजू वर' आणि मोठा बाण. साडूंच्या घरी तो बाण जमिनीकडे आहे आणि अक्षरं शीर्षासनात. आमचं घर बरोबर समोर. रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की समोर तो बाण. सांगावंसं फार वाटतं. जिभेच्या टोकावर येतं. पण बोलत नाही म्हणजे नाही. माणसाने स्वतःच्या दाराकडे कधीतरी बाहेरून बघावं.

११ जानेवारी

धुकं. पहिल्या डब्याला मी सुलटा होतो. फळी पुकारायला जरा उशीर झाला, साडूंची टाच घसरली, पण सावरले. धुक्यात फळी कोणाला दिसते? दुसऱ्या डब्याला पाळीप्रमाणे ते सुलटे. तिसऱ्याला मी माझ्या जागेवर जातो तर साहेब आधीच तिथे उभे. चौथ्यालाही तेच. पाळी म्हणून काही असते, हे बहुधा फक्त दारांच्या बाबतीत लक्षात राहत नाही असं मला वाटायचं. तसं नाही, सगळ्याच बाबतीत आहे.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, 'धुकं कुठं होतं आज? पापड वाळतील असं ऊन पडलं होतं.' बायकांना फलाटावरची हवा काय कळणार.

१३ जानेवारी

दिवसभर उलटा. एकाही डब्याला सुलटा नाही. पाठीकडे चालून चालून आता मला सगळं जग मागे जाताना दिसतं.

१९ जानेवारी

नोटीस लागली. कंपनीची काटकसर अक्षरांपर्यंत पोचली आहे. मुंग्या चिरडून चिकटवल्यासारखा टाइप. मी मुकादमाला म्हटलं, मोठ्याने वाच, सगळ्यांना कळू दे.

तर ते असं. गावाबाहेर जी पत्र्याची अवाढव्य शेड बांधत होते आणि जिला आम्ही गोदाम समजत होतो ती चाकबदल शेड आहे. तिथे डबा मालासकट वर उचलणार, खालची अरुंद चाकं काढून रुंद चाकं सरकवणार आणि डबा तसाच पुढे जाणार. माल जागचा हलणार नाही. आजवर आम्ही माल हलवला, आता फक्त आम्हाला हलवायचं राहिलं. फेब्रुवारी संपला की फलाट बंद.

चार माणसं ठेवणार आहेत. खुणेवाले. डबा वर चढताना चार कोपऱ्यांना चौघांनी उभं राहायचं, कोपरा सुटला की झेंडी दाखवायची. 'त्याला नजर पाहिजे,' मुकादम म्हणाला. 'दोन मार्चला डोळ्यांची तपासणी आहे. त्या दिवशी हजर नाही तो बाद.' आणि का कोण जाणे, माझ्याकडे तोंड करून खाकरला.

ही नोकरी मला हवी आहे. इथे लिहायला लाज कसली. मिळाली नाही तर मुलीकडे शहरात जावं लागेल. जावई सज्जन आहेत, तोच तर त्रास आहे. त्यांच्या गॅलरीत मला कुंडीसारखं ठेवतील. सकाळी ऊन, संध्याकाळी पाणी, आणि पाहुणे आले की 'हे आमचे सासरे'. इथे निदान लोक मला नावानिशी शिव्या घालतात.

३ फेब्रुवारी

घरात कोणाचं लक्ष म्हणून नाही. भातात खडे. मी बोललो तर ही म्हणते, 'काल तांदूळ तुम्हीच निवडले होते.' खोलीतला दिवाही मिणमिणता. मोठा आणून लावला, तोही तसाच. दुकानदार शेंडी लावतो सगळ्यांना. या दैनंदिनीच्या ओळीसुद्धा इतक्या फिक्या छापल्यात की मी आता दोन ओळींत एक ओळ लिहितो. सुविचार वाचायचं तर सोडूनच दिलंय. त्याने नुकसान झालेलं नाही.

हिने उंबऱ्याला आणि पायऱ्यांच्या कडांना चुना फासलाय. का, तर म्हणे छान दिसतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, छान दिसण्याची हौस आत्ता सुचली.

आणि गंमत म्हणजे फलाटावरही तेच. आमच्या दोन्ही फळ्यांच्या कडा कोणीतरी चुन्याने रंगवल्यात. दुसऱ्या कोणाच्या नाहीत, फक्त आमच्या. महिन्याभरात जो फलाट बंद होणार त्याची सजावट करणारा हा रसिक कोण, मी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, 'मला काय माहीत?' आणि चहा प्यायला गेला. आज उचलताना साडूंच्या हातांना चुन्याचा वास येत होता. तंबाखू वाढलेली दिसते.

१० फेब्रुवारी

एक बातमी. साडूसाहेबांनी दारावरचा बाण पुसला. आज चहा पिताना बघितलं, नुसतं लाकूड. अक्षरंही नाहीत. एवढ्या वर्षांनी कोणीतरी त्यांना सांगितलं असणार.

खरं सांगायचं तर जरा वाईट वाटलं. सकाळची सवय होती.

१४ फेब्रुवारी

आज मी तक्रार केली. चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर, म्हणजे नंतर कोणी मी असं म्हणालोच नाही म्हणायला नको. मुकादमाला म्हटलं, 'महिना झाला, हा माणूस मला सुलटं होऊ देत नाही. एक तर पाळी पाळा नाहीतर जोडी मोडा.'

नेहमी अशा वेळी पाचपन्नास शेरे येतात, आज जो तो आपल्या कपात बघतोय. मुकादम साडूंना म्हणाला, 'बोल बाबा, काय ते.'

साडूंनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, 'माझा गुडघा गेलाय. उलटं चालवत नाही.'

ते कंपनीच्या साहेबांच्या माणसानेही ऐकलं, तो तिथेच बिस्किट खात होता. म्हणजे चौघांत साडूंचा नंबर लागणं आता अवघड. स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मी काय करू? हिला येऊन सांगितलं तेव्हा मला वाटलं ही हसेल. ही उठून आत गेली आणि बहिणीकडे जाते म्हणून जी गेली ती दिवे लागल्यावर आली. डोळे लाल. मेव्हणीच्या घरी कांदे चिरत होते म्हणाली.

एक कळत नाही. गुडघा गेलेला माणूस परवा मेव्हणीची कोंबडी पकडायला कुंपणावरून उडी मारून गेला. मी पाहिलं नाही, ऐकलं.

२० फेब्रुवारी

आज गंमत लिहिणार नाही.

संध्याकाळी फलाटावरचे दिवे लागले तेव्हा प्रत्येक दिव्याभोवती मला मोठं कडं दिसलं, आणि कड्याच्या आत धूर. बाजूच्याला विचारणार होतो, तुलाही दिसतं का. विचारलं नाही. त्याने 'नाही' म्हटलं असतं तर?

घरी येऊन एक डोळा झाकून समोरच्या घराकडे बघितलं, मग दुसरा झाकून. एकाने दार दिसतं, दुसऱ्याने नुसता उजेड. थकवा असेल. या महिन्यात सगळेच थकलेत. पण मला भीती वाटली, आणि ती इथे लिहितो कारण फुकट मिळालेली वही कोणी वाचत नाही. ज्या माणसाला फळी दिसत नाही तो फलाटावर कशाला हवा? आणि फलाट गेला तर मी कोण? जावयाचा सासरा.

दोन मार्चला काय ते कळेल. तोवर मी कोणाला काही सांगणार नाही. कोणाला काही माहीत नाही, एवढं बरं आहे.

२४ फेब्रुवारी

अठ्ठावीसला शेवटचा माल. पलीकडच्या देशाच्या नव्या स्टेशनाच्या खिडक्यांसाठी काचा येणार आहेत. मोठे साहेब येणार, भाषण होणार, फोटोग्राफरही. शेवटची पेटी आमच्या जोडीने न्यायची असं ठरलंय, सगळ्यांत जुनी जोडी म्हणून. आमचा गौरव करून आम्हाला काढणार.

मी मुकादमाला सांगून टाकलं, शेवटच्या पेटीला मी सुलटा. फोटोत सुलट्याचं तोंड येतं आणि उलट्याची पाठ. माझ्या मुलीने माझी पाठ भिंतीवर टांगायची का? मुकादम म्हणाला, 'साडूंना विचार.' मी म्हटलं, 'आम्ही बोलत नाही.' मुकादमाने कपाळावर हात मारला आणि गेला. नंतर येऊन म्हणाला, 'तो चालेल म्हणाला.' गुडघा दहा दिवसांत बरा झाला वाटतं.

संध्याकाळी चहावाला म्हणाला, 'तुमचे साडू रिकाम्या फलाटावर काय करतात हो? आज तासभर नुसते उलटे चालत होते. डब्यापासून डब्यापर्यंत, डोळे मिटून. परत परत.' मी म्हटलं, फोटोचा सराव असेल. पाठ छान यायला हवी.

२८ फेब्रुवारी

आज अक्षर वाकडं येतंय. ओळींचा दोष नाही.

साहेब आले. भाषणात म्हणाले, आजचा दिवस सोनेरी अक्षरात लिहिला जाईल. आमच्याकडे तशा वह्या आहेतच. समारंभ म्हणून साहेबांच्या माणसांनी सकाळी फलाटावर लाल सतरंजी अंथरली. फलाटावर, आणि दोन्ही फळ्यांवरही. चुना खाली गेला.

पेटी उचलली. मी सुलटा, तो उलटा. पहिली फळी उतरलो ती सवयीने. फलाट ओलांडला. समोर साहेब, माणसं, फोटोवाला, सगळा नुसता रंगीत काला. चढाची फळी जवळ आली हे पावलांना कळत होतं, पण कुठे आहे ते दिसेना. लाल, लाल आणि लाल. फलाट संपून फळी कुठे सुरू होते, फळीच्या बाजूला डब्याखालचा खड्डा कुठे, काही म्हणता काही नाही. मी 'चढ' म्हटलं की तो पाऊल मागे टाकणार, मी म्हणतो म्हणून, न बघता. मी चुकलो तर तो खड्ड्यात, आणि वर काचांची पेटी.

मी थांबलो. लोकांना वाटलं फोटोसाठी थांबलो. काहींनी टाळ्याही वाजवल्या.

मी म्हणालो, 'मला फळी दिसत नाही.'

हातात ओझं असताना पाचवा शब्द काढायचा नाही हा कायदा मी मोडला. अकरा वर्षांचा अबोलाही मोडला, पण ते माझ्या नंतर लक्षात आलं. पेटीच्या पलीकडून त्याचं तोंड मला नीट दिसत नव्हतं. आवाज आला, अगदी रोजचा.

'माहितीय.'

मग त्याच्या टाचेने सतरंजी चाचपल्याचा आवाज आला, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. आणि उलट्याने सुलट्याला हाक दिली, असं आमच्या फलाटावर कधी घडलं नव्हतं.

'चढ.'

मी चढलो. पुढे तो, पाठीकडे चालत, हाका देत. मागे मी, डोळे उघडे ठेवून, आंधळा. 'ठेव,' तो म्हणाला. ठेवली. एकही काच तडकली नाही. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला आणि साहेबांनी आमचा हात हातात घेऊन फोटो काढला. फोटोत मी साहेबांकडे बघत नसून खांबाकडे बघतोय, असं म्हणतात.

१ मार्च

घरात न्यायालय भरलं. आरोपी मी. साक्षीला ही, मेव्हणी आणि फोनवर मुलगी.

सगळ्यांना सगळं माहीत होतं. डिसेंबरपासून. साडूच्या सर्वांत आधी लक्षात आलं, कारण मी 'फळी' फळी आल्यावर नाही, त्याच्या पावलाचा आवाज लाकडावर झाल्यावर पुकारायला लागलो होतो. त्याने मेव्हणीला सांगितलं, मेव्हणीने हिला, हिने मुलीला. मुकादमाला, चहावाल्याला, हमालांना. पायऱ्यांना चुना हिने, फळ्यांना त्याने. मला सोडून गावात कोणाला सांगायचं राहिलं नव्हतं.

'मग मला का नाही सांगितलं?'

'सांगितलं,' ही म्हणाली. 'तीनदा. एकदा तुम्ही म्हणालात धुकं आहे. एकदा म्हणालात दिवा वाईट आहे. तिसऱ्यांदा ताट ढकलून उठलात.'

मेव्हणी म्हणाली, 'भाऊजी, गुडघा ठणठणीत आहे त्यांचा. तुम्ही चारचौघांत विचारलंत, मग ते तरी काय सांगणार?'

त्या दिवशी टपरीवर सगळे कपात का बघत होते ते आता कळलं, आणि मला इतकी शरम वाटली की मी पाणी प्यायच्या निमित्ताने मागच्या दारी जाऊन उभा राहिलो.

मोतीबिंदू असणार, मुलगी म्हणाली, बरा होतो. शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिने वेळ घेऊन ठेवली होती. महिना आधी घ्यावी लागते. मिळाली ती दोन मार्चची. उद्याची.

म्हणजे तपासणीच्या दिवसाची. माझं काय, मी तपासणीला गेलो असतो तरी तक्त्याची चौकटसुद्धा दिसली नसती. पण बरोबर कोण येणार? हिला गाडी लागते. मुलगी थेट दवाखान्यात येणार. मी म्हटलं, एकटा जाईन, मला रस्ता पाठ आहे. त्यावर तिघी हसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

३ मार्च

पट्टी एका डोळ्यावर आहे, दुसऱ्याने लिहितोय, म्हणजे अंदाजाने.

काल सकाळी गाडीपाशी गेलो तर एक माणूस पिशवी घेऊन उभा. चालीवरून ओळखला. मुकादम लांबून ओरडत होता, 'अरे वेड्या, तपासणी आहे आज. तुझी नजर घारीची, पहिला नंबर तुझाच. हजर नाही तो बाद.' त्याने पिशवी खांद्याला लावली. डब्याच्या दाराशी माझ्या दंडाला धरून म्हणाला, 'चढ.'

मी म्हटलं, 'तू जा तपासणीला. मी जाईन.' फलाटाबाहेर आम्ही बोलत नाही. हा कायदा मी मोडला होता, त्याने नव्हता.

अख्खं शहर आम्ही चार शब्दांत पार केलं. गाडीतून उतरताना मधे फट होती, 'फळी.' जिना आला, 'चढ.' पिशवी, 'उचल.' बाकावर, 'ठेव.' रस्त्यातले लोक वळून बघत असणार. मला दिसत नव्हते हे एक बरं.

दवाखान्यात खिडकीतल्या बाईने त्याला विचारलं, 'हे तुमचे कोण?' साडू म्हटलं असतं तरी चाललं असतं.

'जोडी,' तो म्हणाला.

बाईने काय लिहिलं कोण जाणे. मुलगी आली होती, ती बाजूला तोंड करून रडत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण डॉक्टर त्यात थेंब घालतच होते, त्यामुळे निभावलं.

६ मार्च

पट्टी निघाली. दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात.

एका डोळ्याने जेवढं दिसलं तेवढंही पुष्कळ आहे. आमच्या भिंतींचा रंग उडालाय. हिचे केस पांढरे झालेत आणि ती मला 'काय बघताय' म्हणाली. दिवा इतका प्रखर आहे की डोळे दिपतात. दुकानदाराची माफी मागायला हवी. परत येताना गाडीत तो समोर बसला होता. मान एका बाजूला कललेली, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. एवढी वर्षं पेटीच्या दोन टोकांना आम्ही दोघं, पण त्याला मी नीट बघितलंच नव्हतं. म्हातारा झालाय. म्हणजे मीही झालो असणार.

खुणेवाले ठरले. त्यांत मुकादम आहे, जो जाड भिंगाचा चष्मा लावतो. साहेबांच्या माणसाला त्याने बरीच बिस्किटं खिलवली होती. साडूच्या नावापुढे 'गैरहजर'. माझ्यामुळे त्याची नोकरी गेली. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं, कारण ते खोडून जाणार नाही. शेडमध्ये चाकं ढकलायला रोजंदारीवर माणसं घेणार आहेत, जोडीने. तिथे डोळे तपासत नाहीत, पाठ बघतात. आमच्या पाठी फोटोत चांगल्या येतात.

संध्याकाळी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसलो आणि समोर बघितलं. बाण होता. पुसलेला वगैरे काही नाही. काळाकुळकुळीत, जमिनीकडे तोंड करून, 'ही बाजू वर' शीर्षासनात. होता तिथेच होता सगळा वेळ.

कप खाली ठेवला. रस्ता ओलांडून गेलो. तो दारातच विळीला धार लावत बसला होता.

'दार उलटं लावलंयस,' मी म्हणालो.

'माहितीय,' तो म्हणाला. विळी बाजूला ठेवली. 'मुद्दाम लावलंय.'

'मुद्दाम कशाला?'

'तुला रोज समोर दिसेल. म्हटलं, सांगितल्याशिवाय तुला राहवणार नाही.' त्याने दाराकडे बघितलं. 'मला वाटलं, फार तर आठवडा.'

आतून मेव्हणी विचारत होती, 'अहो, कोणाशी बोलताय?' तो म्हणाला, 'कोणी नाही, हा आलाय.'

बराच वेळ तिथेच बसलो. उद्या सकाळी दार उतरवून सरळ करायचं ठरलंय. जड आहे, दोघांशिवाय निघायचं नाही. सुलटा कोण, यावरून मात्र आत्ताच वाजलं. पाळी माझी आहे.